आर.ई.चा तास आणि कलेक्टिव्ह वर्शिप: चर्चच्या शाळेतल्या दोन वेगळ्या गोष्टी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरात मूल चार वर्षांचं झालं की शाळेची शोधाशोध सुरू होते, आणि घराजवळची चांगली शाळा बरेचदा चर्च ऑफ इंग्लंडची निघते. तिथल्या साधारण चौथाई सरकारी खर्चाच्या प्राथमिक शाळा त्यांच्याच आहेत. मग 'तिथे धर्म शिकवतात का?' अशी काळजी लागते. शाळेच्या माहितीत दोन नावं दिसतात: रिलिजस एज्युकेशन (धार्मिक शिक्षण), म्हणजे सगळ्यांच्या तोंडी आर.ई., आणि कलेक्टिव्ह वर्शिप, म्हणजे सामूहिक उपासना. बरेच आईबाबा दोन्ही एकच समजतात आणि मुलाला दोन्हींतून वगळायचं पत्र लिहून मोकळे होतात. त्यात मुलाचं नुकसान आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

गैरसमजाचं मूळ आपल्याच शाळांत आहे. मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांनी कॅथलिक मुलांना कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिकवणीच्या तासाला, जाताना पाहिलंय. बाकीची मुलं तेव्हा मॉरल सायन्सला बसायची. त्यामुळे आर.ई. म्हणजे कॅटेकिझमच असणार, असं त्यांना वाटतं. मराठी शाळेतून आलेल्यांना वर्शिप हा आपला परिपाठ वाटतो: प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, संपलं. दोन्ही अंदाज चुकीचे आहेत. ज्या तासाची धास्ती घेतली जाते तो अभ्यासाचा विषय आहे, आणि जिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही ती खरीखुरी उपासना आहे.

आर.ई.ला वही असते, धडे असतात, मूल काय शिकलं याची नोंद असते. १९४४ च्या शिक्षण कायद्यात या विषयाला 'धार्मिक शिकवण' म्हटलं होतं. १९८८ च्या कायद्याने त्याचं 'धार्मिक शिक्षण' केलं. त्याच कायद्याने असंही ठरवलं की स्थानिक अभ्यासक्रमात ख्रिस्ती परंपरा मुख्य असली तरी ब्रिटनमधल्या इतर प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचारही यायला हवेत. चर्चच्या शाळांत ख्रिस्ती धर्माचा वाटा मोठाच असतो. 'ख्रिस्ती लोकांना ईस्टर इतका महत्त्वाचा का वाटतो?' असा प्रश्न घेऊन त्यावर काही आठवडे काम चालतं. पण बाईंची वाक्यं ऐका: 'ख्रिस्ती लोक असं मानतात', 'हिंदू घरांत असं करतात'. लहान वर्गांत हिंदू धर्म शिकवताना बरेचदा पूजेचं ताट पुढे येतं. घंटा, निरांजन, कुंकवाची वाटी, उदबत्ती, पाण्याचं भांडं. एकेक वस्तू मुलं हातात घेऊन बघतात आणि ती कशासाठी असते ते सांगतात. घंटा वाजवली म्हणून त्या वर्गात कुणी पूजा करत नाही. येशूच्या जन्माचा धडाही तसाच शिकवला जातो.

वर्शिपमध्ये वाक्य बदलतं: 'आपण प्रार्थना करू या.' सगळी मुलं हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसतात. समोर मेणबत्ती लावतात. काही शाळांत तीन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यासाठी. मग एखादं भजन, बायबलमधली गोष्ट आणि शेवटी प्रार्थना, बऱ्याच ठिकाणी एखाद्या मुलानेच वाचलेली. ज्यांना ती आपली वाटते त्यांनी 'आमेन' म्हणावं, असं सांगण्याची चांगली पद्धत बऱ्याच शाळांत आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या मार्गदर्शनातही वर्शिप सर्वांना सामावणारं आणि निमंत्रण देणारं असावं, म्हणजे कुणावर लादलेलं नसावं, असं म्हटलंय. तरी ती उपासनाच, आणि कायद्याप्रमाणे रोजची.

चर्चला नेतात तेव्हा गोंधळ वाढतो, कारण इमारत तीच असते. वर्ग वही घेऊन बाप्तिस्म्याचं कुंड बघायला गेला तर ते आर.ई.; सुगीच्या सणाला किंवा नाताळला सगळी शाळा प्रार्थनेसाठी गेली तर ते वर्शिप. कशासाठी नेताय, एवढं शाळेला विचारलं की कळतं.

शाळेचा प्रकारही बघा. व्हॉलंटरी कंट्रोल्ड, म्हणजे कारभारात स्थानिक प्रशासनाचा हात जास्त असलेल्या, चर्चशाळेत आर.ई. सहसा त्या भागाच्या ठरलेल्या अभ्यासक्रमानुसार चालतं. व्हॉलंटरी एडेड, म्हणजे चर्चचा हात जास्त असलेल्या, शाळेत ते शाळेच्या ट्रस्टच्या दस्तऐवजाप्रमाणे आणि चर्चच्या श्रद्धेप्रमाणे ठरतं. कॅथलिक शाळा एडेड प्रकारातली असली तर तिथे बिशपांच्या अपेक्षेनुसार शिकवण्याच्या वेळेपैकी दहा टक्के आर.ई.ला असतात आणि आशय बहुतांशी कॅथलिक असतो. तिथे आर.ई. आणि वर्शिप एकमेकांच्या बरीच जवळ येतात, हे प्रवेशाआधीच माहीत असलेलं बरं.

आता हक्काचं. आपल्या राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिकवणीत किंवा उपासनेत बसवण्यासाठी पालकांची संमती लागते. इंग्लंडमध्ये उलट आहे: मूल आपोआप दोन्हींत धरलं जातं, नको असेल तर पालकांनी कळवायचं. हा हक्क १८७० च्या शिक्षण कायद्यापासून चालत आलाय. कारण द्यावं लागत नाही. आर.ई. आणि वर्शिप यांतून वेगवेगळं वगळता येतं, आणि अंशतःही. रोजच्या वर्शिपला बसू दे, पण चर्चमधल्या प्रार्थनेला नको, असं सांगता येतं. वगळलेल्या मुलाची त्या वेळात देखरेख शाळेनेच करायची. मात्र इतिहासात राजा आठव्या हेन्रीचं चर्चशी झालेलं भांडण आलं किंवा संगीतात नाताळची गाणी आली, तर तिथे हा हक्क चालत नाही. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

माझं मत विचाराल तर चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळेत मुलाला आर.ई.तून काढू नका. शेजारच्या बाकावरची मुलगी रविवारी कुठे जाते, मित्र रमजानमध्ये काय पाळतो, हे त्याला तिथेच नीट कळतं. आणि पूजेचं ताट पुढे येतं तेव्हा आपलंच मूल वर्गाबाहेर पुस्तक घेऊन बसलेलं असावं, याचं मला फार वाईट वाटतं. वर्शिपचा निर्णय मात्र घराघराने आपापला घ्यावा. एखाद्या घराला शांतपणे बसून ऐकणं पुरेसं वाटेल, दुसऱ्याला नाही; दोन्ही रास्त. वगळायचंच ठरलं तर मुख्याध्यापकांना लिहिताना 'धार्मिक गोष्टींतून वगळा' असं मोघम लिहू नका. 'कलेक्टिव्ह वर्शिपमधून वगळावं, आर.ई.ला बसू द्यावं' असं स्पष्ट लिहा, आणि त्या वेळात मूल कुठे आणि कोणाजवळ बसेल हेही त्याच पत्रात विचारा.