स्क्रॅपबुक टेम्प्लेट (डिजिटल)

फोटो, मजकूर आणि सजावट यांच्या जागा आधीच आखून ठेवलेली, पुन्हा पुन्हा वापरता येणारी लेयर (एकावर एक रचलेले थर) असलेली फाइल, बहुधा पीएसडी, म्हणजे फोटोशॉप या प्रोग्रामची. स्क्रॅपबुकचे, म्हणजे फोटो-आठवणींच्या सजवलेल्या वहीचे, प्रचलित पान १२ × १२ इंचांचे, म्हणजे ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० × ३६०० पिक्सेल. मुंबईच्या फोटो स्टुडिओंत हीच पद्धत लग्नाच्या अल्बमला वापरतात. तिथे उघडलेल्या जोडपानाचे १२ × ३६ इंच हे माप रुळले आहे.

फोटोच्या जागी राखाडी चौकट काढतात, प्रत्येक चौकट वेगळ्या लेयरवर. फोटो तिच्या लगेच वर ठेवून क्लिपिंग मास्क (फोटो खालच्या चौकटीपुरताच दाखवण्याची सोय) लावला की बाहेरचा भाग नुसता झाकला जातो. तो कापला जात नसल्याने फोटो नंतरही सरकवता येतो. सावली चौकटीला दिली की फोटो बदलला तरी ती कायम राहते. लेयरना ‘फोटो १’, ‘तारीख’ अशी नावे द्यायचा कंटाळा करू नये. ‘लेयर ४७ कॉपी’ उघडून बघण्यापेक्षा पुढचा माणूस सरळ नवे पान करायला घेतो.

चौकट केवढी, हे फोटो कुठून येणार यावर ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा असतो; छपाईत तो जेमतेम सव्वापाच इंच भरतो. पानभर ताणला की फुटलाच.

३६ इंची जोडपान १०८०० पिक्सेल रुंद, त्याची घडी मधोमध, ५४०० व्या पिक्सेलवर येते. तिथे कुणाचा चेहरा नको. अंतरपाटाचे पान त्यामुळे फार सोयीचे: इकडे नवरी, तिकडे नवरा, घडीवर फक्त कापड. सप्तपदीला मात्र मोजून सात चौकटी आखण्याचा मोह टाळावा. पाचव्या पावलाला एखादे काका कॅमेऱ्यासमोर उभे राहतातच, आणि एक चौकट रिकामी राहते.

मराठी मजकुराचे दुखणे वेगळे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) निवडले नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरे सुटतात. म्हणून अनेकांनी श्रीलिपीसारखे जुन्या धाटणीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारे अक्षरांचे सामाईक संकेत) धरून ठेवले. पण दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला मुक्ता हा युनिकोड फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, त्यामुळे त्याची फाइल टेम्प्लेटसोबतच देता येते.