बोटॉक्स

कपाळावरच्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषा सैल पडाव्यात म्हणून तिथल्या स्नायूत देतात ते इंजेक्शन. बोटॉक्स हे खरं तर एका कंपनीच्या ब्रँडचं नाव, पण झेरॉक्ससारखं आता सगळ्यालाच तेच म्हणतात. औषधाचं नाव बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए. गोव्यात पणजी, मडगावकडच्या स्किन क्लिनिकात हे देतात, लग्नाच्या सीझनआधी चौकशा जास्त. माझ्या मावशीला नाव ऐकून वाटलेलं की बोटात टोचतात.

मराठीत आठी वेगळी आणि सुरकुती वेगळी, आणि अर्धा विषय तिथेच कळतो. कपाळाला आठ्या घालता येतात, सुरकुती कोणी मुद्दाम घालत नाही, ती पडते. बोटॉक्स चालतं ते आठ्यांवर, म्हणजे स्नायू आवळल्यावर उमटणाऱ्या रेषांवर. भुवयांच्या मधल्या उभ्या, कपाळावरच्या आडव्या, आणि भर दुपारी गॉगलशिवाय स्कूटर चालवून डोळे बारीक करकरून कडेला फुटलेल्या. चेहरा शांत असतानाही जी रेघ खोल दिसते ती थोडी निवळते पण जात नाही, आणि उन्हाने रापलेल्या, कागदासारख्या झालेल्या कातडीला याचा फारसा उपयोग नाही. गाल भरायचं फिलर ही तर वेगळीच गोष्ट, लोक दोन्ही एकच समजतात.

मुळात हे विष आहे. नीट न टिकवलेल्या मांसात वाढणाऱ्या एका जंतूचं. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज, त्यावरून नाव पडलं, पण म्हणून आपल्या गोव्याच्या सॉसेजकडे, चोरिसांकडे, संशयाने बघायला नको, तो १९व्या शतकातल्या जर्मनीचा मामला. नसेकडून स्नायूला आवळायचा निरोप जातो तो हे टॉक्सिन अडवतं, अगदी थोडा डोस असल्याने जिथे टोचलं तिथल्यापुरताच. आधी ते तिरळेपणा आणि पापण्यांच्या झटक्यांसाठी वापरायचे. १९८७ साली कॅनडात व्हँकुव्हरला डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरदर्स यांच्या लक्षात आलं की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या आठ्याही जातायत, जीन यांचे नवरे स्किनचे डॉक्टर, मग दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर पेपर लिहिला आणि २००२ साली अमेरिकेत भुवयांमधल्या रेषांसाठी मान्यता आली.

प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं. डॉक्टर म्हणतात, रागावून बघा, आता भुवया वर करा, आता हसा, आणि पेन्सिलने ठिपके काढतात. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक, भुवयांमध्ये साधारण ५ ठिकाणी मिळून २० युनिट. मुंगी चावल्यासारखं होतं, डास चावल्यासारखे फुगवटे येतात ते थोड्या वेळात बसतात. बाहेर येऊन आरशात बघितलं तर काहीच झालेलं नसतं आणि पैसे तर दिलेले असतात, इथे बरेच जण वैतागतात. असर दिसायला ३ ते ५ दिवस, पूर्ण दिसायला २ आठवडे, आणि ३-४ महिन्यांत हळूहळू सगळं पहिल्यासारखं. म्हणजे चतुर्थीला पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी जाऊन काही उपयोग नाही, तीन आठवडे आधीच करून घ्यावं, कमीजास्त झालं तर दोन आठवड्यांनी दाखवायला वेळ उरतो.

त्या दिवशी ४ तास आडवं पडू नका, चोळू नका, जिम नको, फेणीही नको (निळं पडायचा चान्स वाढतो). डोकं दुखणं, थोडं निळं पडणं हे नेहमीचं. कधीकधी औषध सरकून पापणी उतरते, ते बघायला भयंकर वाटतं पण काही आठवड्यांत आपोआप सुटतं. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र लगेच हॉस्पिटल. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना देत नाहीत, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर आधी सांगायलाच हवं. पार्लरमध्ये कोणी स्वस्तात टोचतो म्हणाला तर उठून यावं, हे डॉक्टरचंच काम. कुठला ब्रँड आणि किती युनिट हे विचारावं, कारण एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचं नसतं. मला एका ठिकाणी नुसतं 'कपाळाचं पॅकेज' एवढंच सांगत होते, युनिट विचारल्यावर रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडेच आठ्या घालून बघायला लागली.

डोस जास्त झाला तर चेहरा गोठल्यासारखा दिसतो. फोंड्याकडचा ओळखीचा एक हौशी नट, जत्रेतल्या नाटकांत दरवर्षी औरंगजेब करतो, त्याने बहिणीच्या लग्नासाठी घेतलं आणि दीड महिन्यात देवळाच्या मांडवात उभा राहिला तर आवाज सगळा चढलेला आणि कपाळ मात्र संगमरवरासारखं गुळगुळीत. दुसऱ्या अंकाआधी मेकअपवाल्याने त्याला खाली बसवलं आणि काळ्या पेन्सिलने दोन उभ्या आठ्या काढून दिल्या.