केसपेपर कपाटातच, ठसा मात्र वर्तमानपत्रात

‘रुग्णांच्या नोंदी ब्लॉकचेनवर’ असं वाचलं की वाटतं, आपला केसपेपर कुठल्याशा अभेद्य तिजोरीत नेऊन ठेवलाय. एस्टोनियात हे काम बरीच वर्षं चालू आहे, पण तिथे केसपेपर ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या त्या डिजिटल साखळीत, नसतोच मुळी. तो आरोग्य यंत्रणेच्या नेहमीच्या डेटाबेसमध्येच राहतो. साखळीत जातो तो त्याचा ठसा, म्हणजे ‘हॅश’.

समजा, नोंद आहे ‘पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.’ ती एका ठरलेल्या गणितातून काढली की अंक-अक्षरांची एक ओळ, म्हणजे तो ठसा, मिळते. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ६४ चिन्हांची. कुणी ‘आहे’चं ‘नाही’ केलं, तर नवी ओळ जुनीशी अजिबात जुळत नाही. पूर्णविराम खोडला तरी तेच! एवढीशी नोंद ठशावरून अंदाजाने ओळखता येईल, हे खरं. पण एकेकटा ठसा उघड्यावर येतच नाही. ठशांच्या जोड्या लावायच्या, प्रत्येक जोडीचा पुन्हा ठसा घ्यायचा, असं करत शेवटी एकच उरतो. ही संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांची १९७९ची युक्ती.

तो शेवटचा ठसा कुणी गुपचूप बदलला तर? त्यावरचा उपाय मला फार आवडतो: तो चक्क वर्तमानपत्रात छापायचा. हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांच्या पद्धतीचे ठसे १९९५पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत येऊ लागले, बिटकॉइनच्या कितीतरी आधी. एस्टोनियाची ठसे सांभाळणारी ‘केएसआय’ यंत्रणाही हेच करते. तिचे ठसे ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये छापले जातात. घरोघरी पोचलेला अंक कोण परत गोळा करणार?

२००७ साली एस्टोनियातल्या बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारी संकेतस्थळांवर मोठे सायबर हल्ले झाले. त्यानंतर तिथे ही यंत्रणा उभी राहिली, आणि २०१६मध्ये दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींना तिचं कवच देण्याचं ठरलं. देशाची लोकसंख्याच तेरा लाखांच्या आसपास! तिथला रुग्ण पोर्टलवर जाऊन आपली फाइल कुणी उघडली ते पाहू शकतो. ती पाहणाऱ्यांची यादीही ठशांनी बांधलेली असल्यामुळे खुद्द सिस्टिम सांभाळणाऱ्यालाही त्यातलं आपलं नाव गुपचूप गाळता येत नाही. मला विचाराल तर खरी कमाई हीच.

बाकी ब्लॉकचेनकडून फार आशा नको. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, बंद पाडले आणि कामकाज कागदावर आलं. तसं कुलूप ठशाने उघडत नाही. चोरीही रोखली जात नाही, कारण नक्कल केल्याने मूळ नोंद बदलत नाही. आणि डॉक्टरांनी डाव्याऐवजी उजवा गुडघा लिहिला, तर त्या चुकीवरही तितकंच पक्कं शिक्कामोर्तब होतं. मग जुन्या रोजकीर्दीसारखंच करायचं: खोडायचं नाही, खाली दुरुस्तीची नवी नोंद घालायची. उजवा गुडघा वर तसाच दिसत राहतो.