मॉरिशस आशियाकडे कसा वळला

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, चिनी नववर्षालाही असते. १८३४पासून ऊसमळ्यांवर आलेल्या भारतीय गिरमिटियांचे वंशज तिथल्या लोकसंख्येत सुमारे दोन-तृतीयांश आहेत. त्यांतले मराठी लोक मुख्यतः कोकण पट्ट्यातून, मुंबई बंदरामार्गे गेलेले. साखरेचे गिऱ्हाईक मात्र युरोपच होते.

१९७५च्या लोमे करारासोबतच्या (युरोपीय समुदाय आणि आफ्रिका-कॅरिबियन-पॅसिफिक देशांमधला व्यापार करार) साखर प्रोटोकॉलमुळे, म्हणजे साखरेपुरत्या जोडकरारामुळे, मॉरिशसला दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर युरोपला हमीभावाने विकता येई. हा भाव बहुतेक वर्षे जागतिक बाजाराहून बराच चढा असे, त्यामुळे दुसरा बाजार शोधायची घाई कुणालाच नव्हती. २००६पासून युरोपीय संघाने भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९मध्ये प्रोटोकॉलच संपला. कपड्यांचेही तेच. १९७०नंतर हाँगकाँगच्या कारखानदारांनी मॉरिशसमध्ये शिलाई आणली, कारण श्रीमंत देश कोणत्या देशाकडून किती कपडे घेणार याला कोटा, म्हणजे मर्यादा, होती आणि हाँगकाँगचा स्वतःचा कोटा अपुरा पडत होता. २००५च्या आरंभी कोटापद्धती उठली आणि अनेकांनी गाशा गुंडाळला.

आशियाशी पैशाचा व्यवहार आधीच सुरू झाला होता, तोही करारातल्या एका कलमामुळे. १९८२च्या भारत–मॉरिशस करकरारानुसार शेअरविक्रीच्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क विक्रेत्याच्या देशाला होता, आणि मॉरिशस असा कर घेतच नव्हता. १९९२मध्ये भारताचा शेअरबाजार परकीय संस्थांना खुला होताच जगभरचे फंड मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईसमध्ये कंपनी नोंदवून मुंबईत शेअर घेऊ लागले. या सवलतीसाठी मॉरिशसच्या कर खात्याचा निवासी दाखला पुरेसा आहे, असे भारताच्या प्रत्यक्ष कर मंडळाने २०००मध्ये परिपत्रक काढले. २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. मे २०१६च्या दुरुस्तीने ही वाट बंद झाली. १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरवर भारत कर लावू लागला. पहिली दोन वर्षे दर निम्मा होता, पण ती सवलत कागदी कंपन्यांना नव्हती: आधीच्या बारा महिन्यांत मॉरिशसमध्ये २७ लाख भारतीय रुपयांहून कमी खर्च असेल, तर कंपनी कागदी धरली जाई. जुन्या खरेदीला हात लावला नाही.

मालाच्या व्यापाराचे करार आले ते २०२१मध्ये. चीनचा १ जानेवारीला लागू झाला, भारताचा १ एप्रिलला. दोन्ही देशांचा आफ्रिकेतला हा पहिलाच. भारताने मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना सवलत दिली, काहींना ठरावीक कोट्यापुरतीच. अडचण येते ती मूळस्थानाच्या नियमावर, म्हणजे माल खरोखर मॉरिशसमध्येच तयार झाला का, यावर. बाहेरून कापड आणून शर्ट नुसता शिवला, तर तो मॉरिशसचा ठरेलच असे नाही, आणि दाखला नसला की कस्टमला पूर्ण शुल्क भरावे लागते. साखरेला ही कटकट नाही, ऊस बेटावरच पिकतो. त्यातही मस्कोवाडोसारख्या गडद, मळीयुक्त साखरेची कोल्हापूर-सांगलीच्या पांढऱ्या साखरेशी थेट स्पर्धा नाही.

संस्कृतीच्या बाजूला संस्था कितीतरी आधी उभ्या राहिल्या. मोका इथली महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ही १९७०च्या दशकातली, भारत व मॉरिशस सरकारांनी मिळून काढलेली. तिथे मराठीही शिकवतात. त्याची गरजही आहे, कारण तिथल्या मराठी घरांत रोजची भाषा बहुतेक क्रिओलच, म्हणजे फ्रेंचवर आधारलेली तिथली बोली, असते.