बॅरल रेसिंगचा घोडा: विकत घेण्याआधी हाडं कशी पाहावीत

अमेरिकेतल्या रोडिओत, म्हणजे गुराखी खेळांच्या स्पर्धांत, बॅरल रेसिंग हा प्रामुख्याने बायकांचा खेळ. त्यांची व्यावसायिक संघटना 1948 साली टेक्ससमधल्या सॅन अँजेलोत उभी राहिली. मैदानात 55 गॅलनची तीन रिकामी पिंपं त्रिकोणात मांडतात आणि घोड्याने भरधाव येऊन प्रत्येकाला एक फेरी मारून परत सुटायचं. प्रमाण आखणीत पहिल्या दोन पिंपांत 90 फूट अंतर असतं, तिसरं त्या दोन्हींपासून 105 फुटांवर, आणि वेळ मोजणारी रेघ पहिल्या दोन पिंपांच्या अलीकडे 60 फुटांवर. चांगला घोडा हे सगळं साधारण 17 सेकंदांत उरकतो. पिंप पडलं की 5 सेकंदांचा दंड, आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागतो.

या 17 सेकंदांत सरळ धाव थोडी आणि वेग तोडून वळणं फार. वळताना वेग सेकंदाला 5 मीटर आणि वळणाची त्रिज्या साडेतीन मीटर धरली, तर वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या या हिशेबाने आतल्या दिशेचा प्रवेग सेकंदाच्या वर्गामागे 7 मीटरच्या वर जातो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सात-दशांशाहून थोडा जास्तच. तोल सांभाळायला घोड्याला आतल्या बाजूला सुमारे 36 अंश कलावं लागतं आणि पायांवरचा भार सव्वापट होतो. घोडा, स्वार आणि खोगीर मिळून 540 किलो असतील, तर पाय सुमारे 670 किलो पेलत असतात. तेही चारही पाय एकदम जमिनीवर नसताना, आणि तिरपे. त्यामुळे सरळ धावताना खपून जाणारा बांध्यातला दोष इथे महागात पडतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत अंगावरचे भोवरे पाहून होणारे सौदे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही पाहणी जरा रुक्ष वाटेल. इथे टेप आणि ओळंबा लागतो. खोगीर उतरवा, पायांच्या पट्ट्या सोडा. घोडा सपाट, कडक जमिनीवर चारही पाय सारखे टेकवून उभा करा आणि चार-पाच मीटर लांबून बाजूने पाहा. विकणारा घोडा खाऊ घालून गुबगुबीत करतो, अंग चकचकीत ठेवतो. मांस तीन महिन्यांत चढतं आणि तितक्याच लवकर उतरतं, हाडांचे कोन जन्मभर तेच. म्हणून नजर आधी पुठ्ठ्याकडे, म्हणजे कमरेमागच्या भागाकडे, न्यावी, तोंडाकडे नंतर.

पाठीच्या कण्यावरून बोटं मागे सरकवत नेली की पुठ्ठ्याच्या सर्वांत उंच जागेच्या थोडं अलीकडे एक खळगा लागतो. कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांचा सांधा तिथे आहे. घोड्याची पाठ बरीचशी ताठ असते. मागचा भाग पोटाखाली ओढून घेताना कणा मुख्यतः याच सांध्यात वाकतो. पिंपाजवळ वेग तोडताना घोडा जवळजवळ बसतो, ते बसणं इथून येतं. कमरेच्या हाडाचं पुढे आलेलं टोक बाजूला हाताला लागतं. खळगा त्याच्या सरळ रेषेत किंवा किंचित पुढे हवा. तो तीन-चार बोटं मागे असेल तर कंबर लांब आणि कमजोर. असा घोडा बसण्याऐवजी पुढच्या पायांवर ब्रेक मारतो, पिंपापासून लांब फेकला जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत पाठ धरते.

मग टेप काढा. कमरेच्या त्याच टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंतचं अंतर हे शरीराच्या लांबीच्या, म्हणजे खांद्याच्या टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंतच्या लांबीच्या, निदान एक-तृतीयांश असावं. शरीर 60 इंच असेल तर पुठ्ठा 20 इंच. त्याहून आखूड असला तर स्नायूंना पकडायला हाड कमी पडतं आणि पिंप सोडून सुटताना जोर मिळत नाही.

मागच्या पायात मधोमध मागे टोक काढलेला जो सांधा दिसतो तो हॉक, आपल्या घोट्याचाच भाऊ. घोड्याचा खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला असतो. हॉक जमिनीच्या जितका जवळ आणि त्याखालचं नळीचं हाड जितकं आखूड, तितकं बरं. बसण्याच्या हाडाच्या टोकावरून ओळंबा सोडला तर तो हॉकच्या टोकाला आणि नळीच्या मागच्या बाजूला लागून खाली यावा. नळी पुढे तिरकी गेली, पाय कोयत्यासारखा दिसू लागला, की समजावं हॉक जास्त वाकलेला आहे. इथे थोडी गंमत आहे: बॅरलवाल्यांना किंचित वाकलेला हॉक चालतो, काहींना आवडतोही, कारण पाय सहज पोटाखाली जातो. पण वाक वाढला की हॉकच्या मागच्या अस्थिबंधावर ताण येऊन तिथे टेंगूळ उठतं आणि खालच्या छोट्या सांध्यांत संधिवात बसतो. उलट, पाय खांबासारखा सरळ असेल तर गुडघ्याची वाटी अडकते आणि फेटलॉकला, म्हणजे नळीच्या खालच्या टोकाच्या सांध्याला, उचलून धरणारा अस्थिबंध हळूहळू झिजतो. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर किंचित वाकलेला घ्यावा, खांबासारखा अजिबात नको.

मागून पाहताना हॉक थोडे आत आणि खूर थोडे बाहेर असतील तर घाबरू नये. हॉक बाहेर फाकलेले असतील तर मात्र नको. तसा पाय टेकताना दर पावलाला पिळला जातो.

आता पुढचे पाय. उभ्या घोड्याचं साठ टक्क्यांहून जास्त वजन यांच्यावर असतं. खांद्याच्या टोकावरून ओळंबा सोडा, तो गुडघा, नळी आणि खूर यांच्या मधोमध जायला हवा. बाजूने पाहताना गुडघा मागे झुकलेला असेल तर सौदा सोडून द्यावा. भाराखाली तो आणखी मागे जातो, पुढच्या कडेला हाडं एकमेकांवर आदळतात आणि टवके निघतात. किंचित पुढे आलेला गुडघा दिसायला वाईट, पण पुष्कळदा आयुष्यभर चालतो. गुडघ्याच्या लगेच खाली नळीचा घेरही मोजा: 1000 पौंडांच्या (सुमारे 454 किलो) घोड्याला निदान 7 इंच, असा जुना ठोकताळा आहे.

सर्वांत जास्त वेळ खुरांना द्यावा. या खेळात बहुतेक घोडे क्वार्टर हॉर्स जातीचे असतात, आणि या जातीच्या काही घराण्यांत प्रदर्शनासाठी जडशीळ अंगाखाली नाजूक खूर निपजवले गेले. खुराच्या आत मागच्या बाजूला नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड असतं आणि त्याच्यावरून पाय दुमडणारा मोठा कंडरा घासत जातो. खूर लहान, टाचा खाली आणि पुढे सरकलेल्या असल्या की दाब नेमका तिथे वाढतो. पुढच्या पायांची लंगड बरेचदा इथूनच येते. बाजूने पाहताना खुराची पुढची कड आणि त्यावरचा पास्टर्न, म्हणजे खूर आणि फेटलॉक यांमधला तिरका भाग, एकाच सरळ रेषेत हवेत. जमिनीशी कोन साधारण 45 ते 55 अंश. पास्टर्न लांब आणि फार तिरका असेल तर कंडऱ्यावर ताण, आखूड आणि उभा असेल तर हादरे थेट हाडात. पुढचे दोन खूर शेजारी ठेवून पाहा. एक अरुंद आणि उभट असेल तर घोडा बहुधा त्या पायावर भार टाकायचं टाळत असतो, किंवा खोड जन्माची असते. नालबंद शेवटचा कधी आला होता, हेही विचारा. सहा-आठ आठवड्यांपेक्षा जास्त झाले असतील तर वाढलेल्या खुरावरून कोन ठरवू नये.

मान आणि डोकं यांवर फार वेळ घालवू नये. मानेच्या मुळाशी पाठीवरचा उंचवटा मात्र ठसठशीत हवा, नाहीतर वळणात खोगीर पोटाकडे सरकतं. पुठ्ठा त्या उंचवट्यापेक्षा इंचाहून जास्त वर असेल तर घोडा उतारावर धावल्यासारखा पुढे लोटला जातो. दोन-तीन वर्षांच्या शिंगराला हा नियम लावू नका. त्याचं पुढचं आणि मागचं अंग आलटून पालटून वाढतं. उंची 14.2 ते 15.2 हात चांगली. एक हात म्हणजे 4 इंच आणि बिंदूनंतरचा आकडा इंचांचा, म्हणजे 147 ते 157 सेंटिमीटर. उंच घोडा सरळ धावेत कमावतो ते वळणात गमावतो.

उभा घोडा पाहून झाला की कडक जमिनीवर समोरून आणि मागून चालवा, मग आठ-दहा मीटरच्या गोलात दोन्ही बाजूंना दुडकी करायला लावा. बहुतेक स्वार उजवं पिंप आधी घेतात, म्हणजे दर फेरीत एक वळण उजवं आणि दोन डावी. धावलेल्या घोड्याची झीज त्यामुळे सारखी नसते. डावीकडे पाऊल आखूड पडतं का, हे मुद्दाम पाहावं.

यापुढचं काम पशुवैद्याचं. सांधा अर्धा ते दीड मिनिट दुमडून धरायचा आणि लगेच दुडकी काढायची, लंगड कळते. पुढचे खूर, हॉक आणि मागचे गुडघे यांचे एक्स-रे काढावेत. आयाळीचे मुळासकट केस प्रयोगशाळेत दिले तर या जातीतले आनुवंशिक स्नायुविकारही कळतात.

वयस्क घोड्याच्या बाबतीत दोषांचा हिशेब बदलतो. शार्मेन जेम्स यांनी स्कॅम्पर या एकाच घोड्यावर 1984 ते 1993 सलग दहा जागतिक विजेतेपदं मिळवली; इतका टिकणारा घोडा विरळा. बारा वर्षांचा घोडा सात-आठ हंगाम धावूनही न लंगडता दुडकत असेल, तर त्याचा थोडा वाकडा पाय माफ करावा. मात्र त्याच्या सांध्यांत स्टेरॉइडची इंजेक्शनं कोणकोणती आणि शेवटचं कधी दिलं, हे पशुवैद्याच्या नोंदीवरूनच पाहावं. मालकाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये, कारण इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर दुडकी आणि सांधा दुमडण्याची चाचणी दोन्ही स्वच्छ निघतात.