मैदान तेच, टॅकल वेगळा : महिला गेलिक फुटबॉलच्या कोचिंगची पार्श्वभूमी

गेलिक फुटबॉल हा हात आणि पाय दोन्हींनी खेळायचा आयर्लंडचा देशी खेळ. तिथल्या देशी खेळांची संघटना, गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात स्थापन झाली. महिलांच्या फुटबॉलची संघटना, लेडीज गेलिक फुटबॉल असोसिएशन म्हणजे एलजीएफए, हिचा जन्मही त्याच हॉटेलातला; पण तारीख 18 जुलै 1974. मधे जवळपास नव्वद वर्षं गेली. सभेला ऑफली, केरी, टिपररी आणि गॉलवे या चारच काउंट्यांची माणसं होती. त्याच वर्षी पहिली ऑल-आयर्लंड फायनल झाली आणि टिपररीने ऑफलीला एका गुणाने हरवलं.

तोवर पुरुषांच्या खेळात कोचिंगचं शास्त्र बऱ्यापैकी रुळलं होतं. डाउन काउंटीचे खेळाडू जो लेनन यांनी 1960च्या दशकात गॉर्मन्स्टनला कोचांचे वर्ग सुरू केले होते. महिलांच्या संघांना कोच मिळाले ते बहुतेक याच मुशीतले: गावच्या क्लबात खेळलेले, मुलीला सोडायला आलेले आणि मग शिट्टी हातात घेतलेले. ड्रिल आयतीच मिळाली. अडचण अशी की नियम जिथे वेगळे आहेत, नेमकी तिथेच कोचची गरज लागते.

मैदान, पंधरा जणींचा संघ, गोलचे तीन गुण आणि दांड्यावरून मारलेल्या चेंडूचा एक, हे सारं मुळात पुरुषांसारखंच; पुरुषांत 2025पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांड्यावरून मारलेल्या चेंडूचे दोन गुण मिळतात. चेंडू मात्र 4 नंबरचा. तो जमिनीवरून थेट हाताने उचलता येतो, फक्त खेळाडू पायांवर उभी हवी. पुरुषांना चेंडूखाली बुटाचं टोक सरकवून तो उचलावा लागतो. गोलकीपर किकआउट, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करणारी किक, हातातून मारू शकते. पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बाहेर. आणि मुद्दाम अंगाला भिडणं बंद; सवलत आहे ती प्रतिस्पर्धीला सावलीसारखं चिकटून धावताना, झेलासाठी झुंजताना आणि किक अडवताना.

खांद्याला खांदा देऊन ढकलणं पुरुषांत चालतं. तेच ड्रिल मुलींकडून करून घेतलं की सामन्यात फ्री-किकची रांग लागते, कार्ड निघालं तर साठातली दहा मिनिटं चौदा जणींवर काढावी लागतात. म्हणून कोचांच्या वर्गातल्या प्रगत प्रात्यक्षिकाचा सर्वात मोठा वाटा टॅकलला, म्हणजे समोरचीकडून चेंडू काढून घेण्याला, द्यायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाच मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब पट्टा आखायचा. चेंडूवाली चार पावलांच्या आत सोलो करत (चेंडू बुटावर सोडून परत हातात उडवत) किंवा टप्पा मारत येते. बचाव करणारी अर्धी वळून, हाताच्या अंतरावर, तिच्याच वेगाने मागे सरकते. चेंडू हातातून सुटून बुटाकडे जातो तो क्षण तिचा; तेव्हा जवळच्या हाताच्या उघड्या पंज्याने टिचकी मारायची. आधी चालत, मग निम्म्या वेगाने, शेवटी पूर्ण वेगाने. वीस-तीस सेकंद काम, त्याच्या दुप्पट विश्रांती. इथे चुका ठरलेल्या: वजन टाचांवर जातं, लांबचा हात पुढे येतो आणि त्यासोबत अख्खं धड वळून समोरच्या खेळाडूवर आदळतं. कोच ओरडतो, ‘हात लाव!’ पण बिघाड असतो पायांत. म्हणून शिकाऊ कोचला पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त पाय बघायला लावावेत.

घड्याळाचाही इतिहास आहे. 1997च्या मोनाहन-वॉटरफर्ड फायनलमध्ये वाया गेलेल्या वेळेपोटी दहा मिनिटांहून जास्त खेळ झाला आणि मोठी ओरड झाली. त्यानंतर उलटं मोजणारं घड्याळ आणि हूटर आले. शेवटची दोन मिनिटं, एक गुणाची आघाडी, समोर हूटर, हा प्रसंग सरावात मुद्दाम उभा करावा लागतो तो त्यामुळेच.

हुकमी कौशल्य काय करू शकतं ते कॉर्कने दाखवलं. 2005पूर्वी या काउंटीकडे महिलांचं एकही सीनियर ऑल-आयर्लंड विजेतेपद नव्हतं. एमन रायन यांच्या हाताखाली पुढच्या अकरा मोसमांत दहा आली. त्यांचा भर चेंडूसह सरावावर आणि मूलभूत कौशल्यांवर. 2014च्या फायनलमध्ये डब्लिनने दहा गुणांची आघाडी घेतली होती. कॉर्कने ती फेडून एका गुणाने सामना मारला.

गुडघा हा वेगळाच विषय. महिला खेळाडूंमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, आणि अनेकदा कुणी धडकलेलंच नसतं: उंच झेल घेऊन एका ताठ पायावर उतरताना किंवा झपकन दिशा बदलताना गुडघा आत कलतो. फुटबॉलमधल्या फिफा 11+ वॉर्म-अपच्या धर्तीवर गेलिक खेळांसाठी ‘जीएए 15’ आला: साधारण पंधरा मिनिटांत धाव, ताकद, तोल, उड्या आणि दिशाबदल. तो फसतो तो घाईमुळे. उशीर झाला की आधी कापला जातो तो वॉर्म-अपच, आणि उड्यांचा भाग मोजणी पुरी करण्यापुरता उरकला जातो. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, हे समोरून बघायला कुणी तरी उभं हवं.

कोचांच्या अभ्यासक्रमांची शिडी प्राथमिक वर्ग, मग अवॉर्ड 1, मग अवॉर्ड 2 अशी आहे. अवॉर्ड 1मध्ये लहान मुलं, किशोर आणि प्रौढ अशा वेगळ्या वाटा आहेत. पुढच्या पायरीवर वहीपेक्षा मैदान महत्त्वाचं: दहा मिनिटांचं सत्र स्वतः चालवायचं, बाकीच्यांनी बघायचं, मग काय बदलशील ते सांगून तेच सत्र पुन्हा घ्यायचं. ही दुसरी फेरी वेळ नाही म्हणून गाळली, तर कोचच्या हाती लागते ती फक्त ड्रिलची यादी.

जीएए, एलजीएफए आणि कॅमोगी (काठी-चेंडूचा महिलांचा खेळ) या तिन्ही संघटनांच्या एकत्रीकरणासाठी माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने 2027चं लक्ष्य ठेवलं. वर्ग एकत्र झाले तरी दोन्ही फुटबॉलचे नियम वेगळे आहेत तोवर टॅकल, किकआउट आणि चेंडू उचलणं यांची प्रात्यक्षिकं वेगळीच घ्यावी लागतील.