जुन्या मॅच रायफलला छर्रा जुळवून घ्यायचा आहे? मग आणण्याआधी तिला तेल पाजू नका

गणपती गेले, पाऊस ओसरला की वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात जुन्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर रायफली यायला लागतात. फाइनवर्कबाऊ 300 एस असते, डायना 75 असते, कधी वॉल्थरची एलजीआर. कुणाला वडिलांकडून मिळालेली, कुणी क्लबच्या जुन्या सामानातून घेतलेली. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: "पूर्वी एकाच भोकात मारायची, आता छर्रे कुठंही जातात. चांगला छर्रा जुळवून द्या."

छर्रा जुळवून देणं हेच आमचं काम आहे, आणि ते आम्ही मनापासून करतो. पण दर पाच रायफलींमागे निदान तीन आमच्याकडे तेलानं भरलेल्या येतात. पावसाळ्यात गंज धरेल या धास्तीनं घरात जे तेल हाताशी असेल ते नळीत आणि पिस्टनपुढच्या हवेच्या छिद्रात सोडलेलं असतं. बहुतेक वेळा शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे. दोनदा तर चक्क खोबरेल निघालं. डिसेंबरात ठाण्याच्या थंडीतसुद्धा बाटलीत थिजणारं हे तेल पिस्टनच्या वाटेत जाऊन चिकट राळेसारखं बसतं. काळजीपोटीच घातलेलं असतं, हे आम्हाला कळतं. पण आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

फाइनवर्कबाऊ, डायना यांसारख्या स्प्रिंग-पिस्टनच्या रायफलीत घोडा दाबला की पिस्टन पुढं झेपावतो आणि समोरची हवा एका क्षणात दाबली जाते. सायकलचा पंप तोंड बंद करून मारला की गरम होतो, तोच प्रकार, फक्त कितीतरी पटीनं जास्त. त्या उष्णतेत साध्या खनिज तेलाची वाफ पेट घेते. मग छऱ्याला हवेच्या दाबाबरोबर या स्फोटाचाही धक्का बसतो, आणि तो धक्का दर शॉटला सारखा नसतो. जळक्या तेलाचा वास आला, नळीच्या तोंडाशी निळसर धूर दिसला, की समजावं. जोरदार पेटलं तर सील आणि स्प्रिंग दोन्हींना मार बसतो.

मागच्या हिवाळ्यात ऐरोलीचे एक गृहस्थ वडिलांची 300 एस घेऊन आले. महिनाभर घरच्या पॅसेजमध्ये त्यांनी छऱ्यांच्या सहा वेगवेगळ्या डब्या मारून पाहिल्या होत्या आणि नळी संपली असं ठरवून टाकलं होतं. आम्ही रायफल क्रोनोग्राफवर, म्हणजे छऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, लावली. एकाच डबीतले छर्रे सेकंदाला 161, 198, 174, 189 मीटर अशा उड्या मारत होते. खोलून, धुऊन, योग्य ते वंगण देऊन पुन्हा लावली, तर दहाही शॉट 171 ते 174 मध्ये. नळी उत्तम होती. त्यांच्या सहा डब्यांपैकी दुसरी डबी त्या रायफलला चांगली जुळली, आणि तीच त्यांनी पहिल्या आठवड्यात बाद केली होती.

वेगातल्या या फरकाचं कागदावर काय होतं तेही पाहा. 10 मीटर जाईपर्यंत 175 च्या वेगाचा छर्रा साधारण 17-18 मिमी खाली येतो, 200 च्या वेगाचा 13-14 मिमी. म्हणजे नेम तोच धरून 4 मिमीचा फरक. एअर रायफलच्या टार्गेटवर दोन रिंगांमध्ये अंतर असतं 2.5 मिमीचं. तेलामुळं दीड रिंग गेली, आणि दोष छऱ्याच्या माथी. म्हणून तुमच्या कागदावर भोकं उभ्या रेषेत लांबलेली दिसली तर छर्रा बदलण्याआधी आम्हाला फोटो पाठवा. उभा पसारा बहुतेक वेळा वेगाचा असतो: तेल, सील नाहीतर थकलेली स्प्रिंग. आडवा असेल तर आधी साइटचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा. तेवढ्यानं भागलं तर आमच्याकडे यायचीही गरज नाही.

गंजाची भीती खरी आहे, तेव्हा तेल लावा, पण बाहेरून. सुती फडक्यावर दोन थेंब घेऊन नळी आणि धातूचा भाग पुसून काढा, आणि रायफल फोमच्या बंद केसमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, फोम दमट हवा धरून ठेवतो. पिस्टनच्या बाजूला काहीही सोडू नका. एलजीआरसारख्या एका दमात हवा भरणाऱ्या रायफलीत पेट घेण्याचा प्रश्न तसा नाही, पण तिच्या सीलनाही हे तेल मानवत नाही.

आता छऱ्यांबद्दल. "काडतूस भरून देता का" असे फोनही येतात. नाही. आम्ही फक्त 4.5 मिमीच्या एअर रायफली पाहतो. .22 च्या रिमफायर काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, ते घरी पुन्हा भरायची वस्तूच नाही, आणि दारूगोळ्याचा कायदा वेगळा आहे. एअर रायफलवाल्याच्या हातात दारू मोजणं नसतं, छर्रा निवडणं असतं. पण त्या निवडीत तेवढीच चिकाटी लागते.

मॅचचा छर्रा सपाट तोंडाचा, रायफलसाठी साधारण 8.2 ग्रेनचा, म्हणजे 0.53 ग्रॅम. डबीवर डोक्याचा व्यास छापलेला असतो: 4.49, 4.50, 4.51 असा. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं काय होणार, असं वाटतं. नळीत अंगठ्यानं छर्रा बसवून पाहा. एक आपोआप घसरतो, दुसरा हलक्या दाबानं चपखल बसतो, तिसऱ्याला ढकलावं लागतं. तो फरक बोटाला कळतो, तर नळीलाही कळणारच. शिवाय त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, पण वेगळ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या खेपेत बनलेला, छर्रा वेगळा वागू शकतो. म्हणून "अमुक कंपनीचा घ्या" असं फोनवर आम्ही सांगत नाही. तुमच्या मित्राच्या 300 एसला जे जुळलं ते तुमच्या 300 एसला जुळेलच असं नाही.

काही जण सोनाराच्या काट्यावर रात्र रात्र छर्रे तोलतात. मॅचच्या चांगल्या डबीसाठी, 10 मीटरवर, आमच्या अनुभवात त्या कष्टाचं फळ फारसं दिसत नाही. त्यापेक्षा पांढऱ्या रुमालावर छर्रे पसरून भिंगानं मागची घेरदार कड बघा. ती पातळ असते, आणि लोकलच्या गर्दीत डबी खडखडत आली की हमखास चेपते. चेपलेले बाजूला काढा, सरावाला चालतील. हाताळून झालं की जेवणाआधी हात साबणानं धुवा, छर्रा शिशाचा असतो.

छर्रा जुळवायच्या आमच्या टेस्टला दोन दिवस का लागतात, हे सगळेच विचारतात. छर्रा बदलला की नळीच्या आतला शिशाचा आणि वंगणाचा थर बदलतो, आणि तो नव्या छऱ्याला सरावेपर्यंत निकाल खरा नसतो. म्हणून प्रत्येक डबीचे पहिले 30 छर्रे आम्ही मोजतच नाही. मग दस्ता शिकंज्यात धरून दहा-दहाचे तीन ग्रुप, म्हणजे एकाच नेमानं पाडलेल्या भोकांचे पुंजके, घेतो. पाच शॉटचा एखादा सुंदर ग्रुप कुठल्याही डबीतून नशिबानं निघतो, आणि घरी टेस्ट करणारे नेमके त्यालाच भुलतात. टार्गेटचा 10 चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी छऱ्याची कड त्याला लागली की 10 मिळतात, म्हणजे बाहेरून मोजलेला 9.5 मिमीचा ग्रुपसुद्धा साइट बरोबर असेल तर सगळा 10 मध्ये बसतो. आम्ही मात्र निरोगी 300 एसकडून 6 ते 7 मिमीची अपेक्षा धरतो. उरलेली जागा तुमच्या हाताच्या थरथरीसाठी.

वेगाचा आकडा 165-170 दिसला म्हणून घाबरू नका. रायफलवर पंचकोनात एफ अक्षर असेल तर ती जर्मनीच्या 7.5 जूलच्या मर्यादेत बनलेली आहे, तिचा वेग तेवढाच असायचा. कडक स्प्रिंग घालून वेग वाढवा असं कुणी म्हटलं तर आम्ही नकार देतो. कागदाला भोक पाडायला तेवढा जोर पुरतो, आणि वाढीव धक्क्यानं ग्रुप बिघडतो.

टेस्टचे 1,800 रुपये, चार डब्यांचे छर्रे त्यातच आले. तेल घातलेली रायफल आली तर खोलून धुण्याचे 1,200 वेगळे आणि दोन दिवस जास्त. हे पैसे आम्हाला नकोसे वाटतात, म्हणूनच एवढं लिहिलं. येण्याआधी फोन करून दिवस ठरवा. रायफल कव्हरमध्ये, रिकामी, लिव्हर न ओढलेली आणा. घरी छर्रा न घालता घोडा दाबून बघू नका, पिस्टनला समोर हवेची गादी राहत नाही आणि तो थेट आपटतो. तुमच्याकडच्या अर्धवट डब्याही आणा, ऐरोलीच्या गृहस्थांसारखा जुळणारा छर्रा कदाचित त्यातच असेल.

टेस्ट झाल्यावर ग्रुपचे कागद आणि उरलेले छर्रे डबीसकट परत मिळतात. जुळलेल्या डबीच्या झाकणावर आम्ही मार्करनं लॉट नंबर लिहितो. डबी रिकामी झाली तरी ते झाकण फेकू नका. त्याच लॉटच्या डब्या मिळतील तोवर आम्ही मागवून देतो, पण फोनवर सगळ्यात आधी तो नंबरच विचारावा लागतो.